हरायची नोकरी

त्याच्या उजव्या हातात मी कधी पिशवी पाहिली नाही. भाजी असो, मुलीचं दप्तर असो, नाहीतर तेलाचा पाच लिटरचा डबा असो, सगळं डाव्या हातात. उजवा हात मोकळा, कोपरात जरासा वाकलेला, अंगापासून चार बोटं लांब. नवीन माणसाला वाटायचं की याचा हात कुठेतरी मोडून बसलाय. बाजारातल्या भाजीवाल्या बाया कणव येऊन दोन मिरच्या जास्त घालायच्या आणि हा त्या निमूटपणे घ्यायचा.

हात अगदी धडधाकट होता. तो फक्त जपून ठेवलेला होता. मोटरसायकल चालवायचा नाही, कारण हँडलच्या थरथरीने मनगट बिघडतं. कुणी हात मिळवायला पुढे केला तर हा कोपर पुढे करायचा. करोनाच्या दिवसांत सगळं जगच कोपराला कोपर लावायला लागलं, तेव्हा त्याला भारी समाधान वाटलं होतं. "बगा, लोकांना आता कललं," असं म्हणाला होता.

एकदा मी त्याच्या घरी बेलपाड्याला जेवायला गेलो होतो. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण होतं. त्याची सात वर्षांची मुलगी आपले नांगे आपण कडाकडा फोडत होती आणि छत्तीस वर्षांचा बाप ताटावर हात बांधून बसला होता. त्याची आई एकेक नांगा फोडायची, गर काढायची आणि त्याच्या ताटात ठेवायची. कवचाचा तुकडा बोटात घुसला तर काय घ्या! मी बघतोय हे म्हातारीच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "काय करू, शेट? यचा हात म्हंजे यचं हापीस हाय."

ते खरंच होतं. तो पूल खेळायचा. म्हणजे आपण कॉलेजात असताना तास बुडवून खेळतो तसा नव्हे. तोच त्याचा धंदा होता, निदान व्हावा अशी त्याची इच्छा होती. रेशनकार्डाच्या अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात त्याने 'खेळाडू' असं लिहिलं होतं. कारकुनाने ते खोडून 'शेती' केलं. आता यांच्या घरात शेती शोधायची तर कुंडीत शोधावी लागली असती. जमिनी केव्हाच सरकारी प्रकल्पात गेल्या होत्या, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि थोरला भाऊ त्या परिसरातल्या बांधकामांना रेती आणि खडी पुरवत होता. भावाच्या गळ्यात साखळी होती, दारात पांढरी मोठी गाडी होती. याच्याकडे एक काठी होती. भाऊ चारचौघांत म्हणायचा, "आमच्या घरान सगली मोठी झाली, येकटा गोट्या खेलतंय."

माझा या खेळाशी संबंध अपघाताने आला. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, हातात एकरकमी पैसे आले आणि मेहुण्याने अक्कल दिली की नव्या पनवेलात कॉलेजं आहेत, पोरं आहेत, पूल पार्लर टाक. एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरचा गाळा भाड्याने घेतला आणि तीन टेबलं आणली. मला स्वतःला खेळता येत नाही. इतकंच कळतं की पांढऱ्या चेंडूने आपले सात चेंडू पॉकेटात पाडायचे आणि मग शेवटचा काळा. जो काळा पाडतो तो जिंकतो. बाकी सगळं देवाच्या हवाली सोडून मी गल्ल्यावर बसायचो. बायको म्हणायची, "तीस वर्षं लोकांना पैसे मोजून दिलेत, आता गोट्या मोजून द्या."

उद्घाटनाला महिनाही झाला नसेल, एका दुपारी हा आला. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली, डावीचं बटण लावलेलं. चपला दाराशी काढल्या, पिशवीतून मोजे काढून घातले आणि तिन्ही टेबलांभोवती मोज्यांनी फिरला. प्रत्येक टेबलाच्या कापडावरून हाताची मागची बाजू फिरवली, बाळाचा ताप बघतात तशी. मग मला म्हणाला, "मदला चांगला हाय. खिडकीकडचा पानी पितो. त्याला झाकून ठेवा, शेट." मी काही त्याला विचारलं नव्हतं. पण खिडकीकडच्या टेबलावर दमट कापडामुळे चेंडू खरोखरच अडखळायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

विमानतळासाठी तिकडे डोंगर फोडत होते ते दिवस. दुपारी ठरलेल्या वेळी सुरुंग उडायचे. आमच्यापर्यंत नुसता धप्प असा दबका आवाज यायचा, पण हा शपथेवर सांगायचा की पांढरा चेंडू हलतो. ती वेळ झाली की काठी भिंतीला टेकवून हा हाताची घडी घालून उभा राहायचा. समोरचा खोळंबायचा. "काय झालं, दादा?" "थांब. डोंगर पडूदे." (त्याला सगळे दादाच म्हणत. मीसुद्धा.) डोंगर पडायचा, मग हा आणखी दहा श्वास मोजायचा, आणि मग खेळायचा. हसू नका. त्या फटक्यात चेंडू जिथे जायला हवा तिथेच जायचा.

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगतो, कारण सगळं पुढचं त्या रीतीमुळे झालं. पूल पार्लरात हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे. सगळीकडे असंच असतं. त्यामुळे खेळाला चव येते आणि मालकाला वसुलीची कटकट राहत नाही. पण यात हा माणूस बसेना, कारण तो कधी हरतच नव्हता. पहिले पंधरा दिवस कॉलेजची पोरं रांग लावून त्याच्याशी खेळली. दादाला हरवायचं म्हणून पैजा लागल्या. मग पोरांच्या लक्षात आलं की आपण फक्त पैसे भरायला येतोय. महिन्याभरात हा मधल्या टेबलाशी एकटा उभा आणि पोरं खिडकीच्या टेबलावर दाटीवाटीने, असं चित्र दिसायला लागलं. पनवेलातला सगळ्यात चांगला खेळाडू, आणि त्याच्याशी खेळायला माणूस नाही.

बाहेरच्या स्पर्धांना तो जायचा. ठाणे, पुणे, एकदा नाशिक. जिंकायचाही. पण लहान स्पर्धांचं बक्षीस म्हणजे चषक आणि कुणा प्रायोजकाचा मिक्सर. घरात तीन मिक्सर झाले होते. प्रवेश फी, बसभाडं, राहणं हे सगळं खिशातून, आणि तो खिसा बायकोच्या बालवाडीच्या पगाराने भरायचा. ती शांत बाई होती. एकदाच मला म्हणाली, "काका, यांना कुठं नोकरी लागली तर बरं होईल. नवरा काय करतो असं कुणी विचारलं, की मी विषय बदलते."

म्हणून मी तोडगा काढला. मला तेव्हा तो फार हुशारीचा वाटला होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "तू माझ्याकडे पगारावर राहा. रोज दुपारी चारनंतर यायचं, गिऱ्हाइकांशी खेळायचं. फक्त अधूनमधून हरायचं. तू हरलास तर टेबलाचे पैसे माझे."

तो दोन दिवस आलाच नाही. मला वाटलं, दुखावला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर हा जिन्यात उभा. म्हणाला, "कितीनं हरू?"

हा प्रश्न फक्त त्यालाच पडू शकत होता. दुसरा कोणी असता तर चार चेंडू चुकवून मोकळा झाला असता. याने हरण्याचा अभ्यास केला. सकाळी दहा ते बारा, पार्लर बंद असताना, मधल्या टेबलावर तो चुकायचा सराव करायचा. काळा चेंडू पॉकेटाच्या एका कडेला लागेल, मग दुसऱ्या कडेला लागेल आणि आत न पडता बरोबर तोंडावर येऊन थांबेल, असा फटका. पुढच्या माणसाने नुसतं बोट लावलं तरी तो पडावा. म्हणजे गिऱ्हाईक जिंकतं, आणि त्याला वाटतं की आपण दादाला दबावाखाली आणलं. मी गल्ल्यावर बसून हे बघायचो. पहिल्या आठवड्यात दहातले दोन जमायचे, नंतर दहाच्या दहा. एक दिवस तो घाम पुसत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "शेट, पाडाला कोनालाबी येतं. तोंडावर थांबवाला कठीन हाय." त्याच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. मलाही झाला. आता आठवलं की जीव चरफडतो, पण तेव्हा झाला होता, हे कबूल केलं पाहिजे.

धंदा दणक्यात चालायला लागला. कॉलेजची पोरं परत आली, नोकरदार मंडळी यायला लागली. प्रत्येकासाठी याचं हरणं वेगळं असायचं. पोरांशी तो तीनांत एक हरायचा. बिल्डरांशी सलग दोन हरून तिसरी जिंकायचा, कारण त्यांना चुरस लागते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक साहेब दर शनिवारी यायचे, त्यांच्याशी मात्र नेहमी शेवटच्या काळ्यावर. साहेब काळा पाडायचे, काठी खाली ठेवायचे आणि त्याला उपदेश करायचे, "तुझं सगळं चांगलं आहे रे. पण शेवटी तू गडबडतोस. काळ्याला घाई करायची नाही."

हा टेबलावर दोन बोटं टकटक करायचा आणि म्हणायचा, "मस्त मारलात, साहेब. माजा तेवडाच जमत नाय."

साहेब गेले की आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

तो मुद्दाम कधी चुकला आणि खरोखर कधी चुकला हे साऱ्या पनवेलात फक्त मला ओळखता यायचं. टेबलावर टेकलेल्या डाव्या हाताची करंगळी. मुद्दाम चुकवायचं असलं की फटका बसायच्या क्षणी ती किंचित वर उचलली जायची. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. गल्ल्यावर बसून एवढं एक गुपित आपल्याकडे असावं, यात मला मजा वाटत होती.

अशी तीन वर्षं गेली. मग ती संधी आली. एका मोठ्या सरकारी कंपनीत खेळाडूंच्या कोट्यातून भरती निघाली आणि त्यात आमच्या खेळाला एक जागा होती. अशी नोकरी लागली की माणसाचं सोनं होतं. हजेरी लावायची, दिवसभर सराव करायचा, कंपनीतर्फे देशभर खेळायला जायचं आणि महिन्याच्या महिन्याला पगार. पूल खेळून सन्मानाने जगायचा आपल्याकडे एवढा एकच रस्ता आहे. निवड चाचणी जूनमध्ये मुंबईच्या एका जिमखान्यात होती आणि वयाच्या अटीने त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

मार्चमध्ये तो माझ्याकडे आला. मी हिशेबाची वही लिहीत होतो. तो उभाच राहिला. म्हणाला, "शेट, आता चाचणीपर्यंत मी हरनार नाय. परवा सकाली येकटा खेलत होतू, काला चुकला. मी काय चुकवला नव्हता. हात बिगडतो हाय."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "अरे, परीक्षा संपतायत. सुट्टी म्हणजे आपला सीझन. दोन महिने काढ, मग जूनमध्ये पंधरा दिवस काय हवा तो सराव कर. तुझा हात असा बिघडायचा नाही, मी सांगतो ना."

मी सांगतो ना! मला काय कळत होतं? मला फक्त एवढं कळत होतं की त्या सुट्टीत पार्लर भरलेलं पाहिजे, गाळ्याचं भाडं वाढलंय, आणि दादा जिंकायला लागला तर पोरं पांगतील. त्याच्या मुलीची शाळेची फी मी देत असलेल्या पगारातून जात होती. "बरा," म्हणाला, आणि मोजे घालायला लागला. सबंध सुट्टीभर तो हरला. त्या सुट्टीत जितकी गर्दी झाली तितकी माझ्याकडे आधीही कधी झाली नव्हती आणि नंतरही नाही.

चाचणीच्या दिवशी सकाळी पांढरी मोठी गाडी त्याच्या दारात उभी राहिली. गाडी चालवायला भाऊ स्वतः, शेजारी मी. वाशीच्या पुलावर पोचलो. मग भाऊ आरशातून बघत म्हणाला, "मना काय ह्यातला कलत नाय. पन लागला त गावान डीजे लावतो." मागच्या सीटवर हा डोळे मिटून बसला होता. उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला होता. ती उशी आईने दिली होती.

तो त्या दिवशी जसा खेळला तसं खेळताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बंगालहून, कर्नाटकातून आलेली पोरं होती, एकेकाचे हात विजेसारखे. सकाळपासून हा एकेकाला घरी पाठवत होता. शेवटचा सामना पुण्याच्या एका तरुण मुलाशी होता. पाचांपैकी तीन फ्रेम, म्हणजे डाव, जिंकायच्या. दोन-दोन झाले. पाचव्या फ्रेमला याने आपले सातही चेंडू एका दमात पाडले. काळा राहिला. मधल्या पॉकेटासमोर, हातभर अंतरावर, सरळ. मलासुद्धा जमला असता. भावाने माझा दंड धरला होता.

तो वाकला. मी सवयीने त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं.

करंगळी उचलली गेली.

काळा एका कडेला लागला, दुसऱ्या कडेला लागला आणि पॉकेटाच्या तोंडावर येऊन थांबला. अगदी व्यवस्थित, सकाळी दहा ते बारा घोटलेला. पुण्याच्या मुलाने पुढे येऊन नुसता स्पर्श केला आणि तो पडला. आणि मग जे झालं ते मला आजही बघवत नाही. हा सरळ झाला, हसला, टेबलावर दोन बोटं टकटक केली आणि म्हणाला, "मस्त मारलात." नेहमीसारखं. तो मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला. हे बोलून झाल्यावर मग याला कळलं की आपण कुठे आहोत. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे सैरभैर झाले.

मी त्याच्यामागे बेसिनपाशी गेलो. तो नळ सोडून उजवा हात धूत होता. आरशात बघून त्याने विचारलं, "शेट, तुमी समोर होते. खरा सांगा. मी चुकलू, का हातानं चुकवला?"

उत्तर मला माहीत होतं. ते देणं म्हणजे माझं नाव सांगणं होतं. तीन वर्षांच्या सकाळी, ती सुट्टी, मी सांगतो ना. मी म्हणालो, "चुकला रे. दडपण येतं माणसाला. होतं असं कधीकधी."

तो मान हलवत राहिला. "दडपन," म्हणाला. त्याला ते पटलं. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

येताना गाडीत भाऊ एवढंच म्हणाला, "जाव दे. सोमवारपासून माज्या संगती ये. रेती मोजाला मानूस पायजेच हाय." त्यात टोमणा नव्हता. पण हा गेला नाही. सोमवारी चार वाजता तो माझ्याकडे आला, आणि पुढे दीड वर्ष येत राहिला.

त्या दीड वर्षात त्याने दडपणावर उपचार केले. ब्राह्मीचा काढा घेतला, पहाटे उठून प्राणायाम केला, कुणी सांगितलं म्हणून मीठ सोडलं, मन शांत राहावं म्हणून मासळी सोडली. आगरी माणसाने मासळी सोडली! म्हातारी कपाळावर हात मारून घेत होती. दुखणं होतं हातात आणि मी त्याला डोक्याचं औषध घ्यायला लावलं होतं. हातातली खोट कळली असती तर त्याने ती काढून टाकली असती. चुकायला शिकायला ज्याने महिना घेतला, त्याने न चुकायला फार तर वर्ष घेतलं असतं. खुल्या स्पर्धा होत्या, शिकवायची कामं होती, वाट अगदीच बंद झाली नव्हती. पण आपण शेवटच्या क्षणी कच खाणारा माणूस आहोत, हे मी त्याच्या मनात घातलं आणि त्याने ते देवाचं बोलणं समजून धरून ठेवलं. रोज वाटायचं, आज सांगू. रोज गिऱ्हाईक यायचं.

हळूहळू माझं गुपितही संपलं. करंगळी प्रत्येक काळ्याला उचलली जायला लागली. तो जिंकायला गेला तरी काळा तोंडावर. गिऱ्हाइकांना वाटलं, दादा आता जरा जास्तच उदार झाला. शनिवारचे साहेब खूश.

मग गाळ्याच्या मालकाला तिथे कॅफे काढायचा होता आणि पोरं मोबाईलवर खेळायला लागली होती. मी पार्लर आवरतं घेतलं. माझं एक गिऱ्हाईक होतं, नेऱ्याला त्यांचं फार्महाऊस आहे. त्यांनी मधलं टेबल मागितलं. भाव ठरला आणि ते म्हणाले, "दादालाही द्या की. शनिवार-रविवार पाहुणे असतात. त्याच्याशी खेळलं की माणूस खूश होऊन जातो." मी दोघांनाही पाठवलं. टेबल टेम्पोतून गेलं, तो मागून बसने गेला. मी देत होतो त्याच्या दुप्पट पगार, राहायला दोन खोल्या, मुलीला शाळेची बस दारात. तेव्हा आज तो पूल खेळून पोट भरतो. असा माणूस पनवेल तालुक्यात दुसरा नसेल. बायकोला आता विषय बदलावा लागत नसेल, असं मी मनाला सांगतो.

गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी सकाळी मी नेऱ्याला गेलो. फार्महाऊसचे मालक नव्हते. तो टेबलाला ब्रश मारत होता, डाव्या हाताने. केस पिकलेत. मला बघून कोपर पुढे केला. चहा झाला, मुलीची चौकशी झाली, ती आता दहावीला आहे. मग मी एकदाचं सांगून टाकलं. करंगळीचं सांगितलं, त्या दिवशी मी काय पाहिलं ते सांगितलं, बेसिनपाशी खोटं बोललो ते सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

त्याने ब्रश खाली ठेवला. स्वतःच्या डाव्या हाताकडे उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "मग येवडा काल मना ब्राह्मी कशाला पिव दिलीत, शेट?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी साधं विचारलं होतं. मी म्हणालो, "दादा, माझ्याशी एक फ्रेम खेळ. खरी. पाहुण्यांशी खेळतोस तशी नको."

"तुमाला खेलाला कवा येतं?" तो हसला. पण पिशवीतून मोजे काढून घातले, काठीला खडू लावला आणि पहिला फटका मारून चेंडू फोडले. मला काठी उचलायची वेळच आली नाही. एक, दोन, तीन. तो टेबलाभोवती फिरत होता आणि त्याचं वय गळून पडत होतं. सहा. सात. मधल्या पॉकेटासमोर काळा राहिला, सरळ, हातभर अंतरावर.

तो वाकला. डावा हात टेबलावर टेकवला. करंगळी कापडावर इतकी दाबून धरली की नख पांढरं पडलं. काठी दोनदा पुढेमागे झाली आणि थांबली. बाहेर माळी झाडांना पाणी घालत होता, त्या पाईपचा आवाज येत होता. तो तसाच वाकलेला होता.

मग तो सरळ झाला. काठी माझ्याकडे धरली.

"हा तुमी मारा, शेट."

"अरे, तुझा आहे तो."

"मारा."

मी काठी घेतली. कशी धरायची तेही मला नीट ठाऊक नव्हतं. त्याने मागून येऊन माझं कोपर बोटभर वर उचललं, बस. मी मारलं. काळा सरळ गेला, कुठेही न लागता आत पडला, आणि खाली जाळीत पडल्याचा आवाज आला.

तो त्या रिकाम्या पॉकेटाकडे बघत उभा राहिला.

"हां," तो म्हणाला. "असाच जातो तो."